नव्या लॅपटॉपमधलं न मागितलेलं सामान काढायचं कसं? (पत्रिकेवर पॉपअप येतोय!)

अक्षरजुळणी_बार्शी

नमस्कार मंडळी. बार्शीत एसटी स्टँडजवळ माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, वास्तुशांतीपासून दहाव्याच्या कार्डापर्यंत सगळं करते. एकवीस वर्षं झाली. पेजमेकर गेलं, कोरलड्रॉ आलं, किती फॉन्ट हाताखालून गेले. पण संगणकाच्या पोटातलं मला फारसं कळत नाही, हे आधीच सांगते.

जुना डेस्कटॉप दिवाळीनंतर बसला. ऐन सीझनमध्ये. म्हणून पुण्याहून नवा लॅपटॉप आणला, 8 जीबी रॅम, 512 जीबी एसएसडी, विंडोज 11 होम. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच भांडण नको. पहिल्यांदा चालू केला तेव्हा मला वाटलं, दुकानदारानं चुकून दुसऱ्या कुणाचा वापरलेला दिला की काय! पत्त्यांचा गेम, सिनेमे बघायची दोन ॲप, पासवर्ड सांभाळणारं काहीतरी, खरेदीच्या साइटची चिन्हं, कंपनीचे स्वतःचेच तीन वेगवेगळे 'मदतनीस', आणि तीस दिवसांचा अँटिव्हायरस. यातलं एकही मी मागितलं नव्हतं.

परवा वैरागहून पार्टी आली. मुलीचे काका, मामा आणि एक आत्या. प्रूफ स्क्रीनवरच दाखवत होते. काका 'कार्यवाहक' खालची नावं बोट लावून मोजत होते, आणि बरोब्बर उजव्या कोपऱ्यात, जिथं 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!' आणि त्याखाली पोरांची नावं आहेत, तिथं लाल चौकोन उगवला. तुमचा संगणक असुरक्षित आहे, आजच नूतनीकरण करा. आत्याबाईंनी चष्मा सावरला आणि विचारलं, "हे बी छापणार का?"

आता मी काय काय करून बसले ते ऐका. भाच्यानं फोनवर सांगितलं, प्रोग्रॅम फाइल्समध्ये जाऊन त्या अँटिव्हायरसचं फोल्डरच उडव. गेले उडवायला. अर्धं उडालं, अर्ध्यावर 'परवानगी नाही' आलं. तेव्हापासून मधेच नेट जातं, लॅपटॉप बंद करून चालू केला की येतं. दुसरं म्हणजे, कंपनीचं एक मदतनीस ॲप मी काढलं होतं. दुकानात हाताखाली येणाऱ्या मुलीसाठी वेगळं खातं उघडलं, तर तिथं ते ॲप पुन्हा हजर!

ज्या दुकानातून घेतला त्याला फोन केला. म्हणाला, घेऊन या, साफ करून देतो, दीड हजार होतील. मी म्हटलं, घाण तुम्हीच भरून दिली, आणि झाडायचे पैसे माझ्याकडून?

तर, काय काढायचं, काय नाही काढायचं, आणि काढलं तर वॉरंटी जाते का? कृपया मला समजेल असं सांगा.

टक्सभक्त

विंडोज काढून लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाका ताई. विषय संपला.

अक्षरजुळणी_बार्शी

कोरलड्रॉ चालेल का त्यावर? आणि माझ्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं यूएसबीचं डोंगल आहे, ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही, ते चालेल का? सीझन डोक्यावर आहे हो.

टक्सभक्त

कोरलड्रॉची आजची आवृत्ती लिनक्ससाठी मिळत नाही. त्याऐवजी इंकस्केप हे डिझाइनचं फुकट सॉफ्टवेअर शिकावं लागेल. डोंगलचं अवघड आहे. बरं, सीझननंतर बघू.

पाना_पक्कड

ताई, लातूरला माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. तुमच्यासारखी आठवड्याला तीन-चार गिऱ्हाइकं येतात, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो. चहा घेऊन बसा.

सगळ्यात आधी, भाच्याचा सल्ला परत ऐकू नका. फोल्डर उडवणं म्हणजे प्रोग्रॅम काढणं नव्हे. अँटिव्हायरस आपली माणसं सगळीकडे पेरून ठेवतो. येणारंजाणारं नेट तपासायला एक ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या पोटात चालणारा छोटा प्रोग्रॅम, मधे बसवलेला असतो. तुम्ही घर पाडलं, पण नाक्यावरचा पहारेकरी तिथंच उभा आहे, आणि त्याला हुकूम देणारं कुणी उरलं नाही. म्हणून तुमचं नेट अडतं. यावर उपाय उलटा वाटेल, पण करा. त्याच कंपनीच्या साइटवरून तो अँटिव्हायरस पुन्हा पूर्ण बसवा. मग सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स इथून रीतसर काढा. रिस्टार्ट. मग त्याच कंपनीचं 'रिमूव्हल टूल' मिळतं, बहुतेक मोठ्या अँटिव्हायरस कंपन्या ते फुकट देतात, ते चालवा. पुन्हा रिस्टार्ट. यानंतर 'विंडोज सिक्युरिटी' उघडून बघा. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर दुसरा अँटिव्हायरस असेपर्यंत बाजूला बसतो, आणि तो गेला की आपोआप कामाला लागतो. हिरवी खूण दिसली की झालं. पत्रिका करणाऱ्या माणसाला तो पुरतो, पेनड्राइव्ह मात्र तपासून लावा.

आता बाकीचं सामान. माझा एकच नियम आहे: ज्यानं आत घातलं त्याच्याच दारानं बाहेर काढायचं. म्हणून आधी कुणी घातलं ते बघायचं. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, इंग्रजीत appwiz.cpl (ॲपविझ डॉट सीपीएल) टाइप करा. जुनी यादी उघडते, तिच्यात 'पब्लिशर' नावाचा रकाना असतो. त्यावर क्लिक केलं की एकेका कंपनीचं सगळं एकाखाली एक लागतं. जशी तुम्ही पाहुण्यांची यादी गावाप्रमाणे लावता तशी.

यात तिऱ्हाइताचं जे आहे, म्हणजे गेम, खरेदी, पासवर्डवाला, ट्रायल, ते बिनधास्त काढा. स्टार्ट मेन्यूतली काही चिन्हं तर नुसती पाटी असते, आत दुकानच नसतं. क्लिक केलं की मग ॲप उतरतं. त्यावर उजवं क्लिक करून काढून टाका.

लॅपटॉप कंपनीच्या नावाचं जे आहे तिथं मात्र थांबा. माझी फजिती सांगतो. दुकान नवीन होतं तेव्हा एका तलाठ्याच्या लॅपटॉपवर मी इंटरनेटवरून घेतलेली 'एका क्लिकात सगळं साफ' करणारी स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारी कमांडची यादी, चालवली. लॅपटॉप काय पळायला लागला! रुबाबात दिला. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब दारात. ब्राइटनेसची बटणं मेलेली, आवाज फक्त हेडफोनमधून, आणि फोटो उघडायला एकही ॲप शिल्लक नाही. सातबाऱ्याचे स्कॅन उघडेनात. बरं, स्क्रिप्टनं नेमकं काय काय काढलं याची नोंदही नाही. सगळं विंडोज पुन्हा टाकून द्यावं लागलं, तेही फुकट. त्या दिवसापासून वही ठेवतो. काय काढलं, कोणत्या तारखेला, लॅपटॉपचं मॉडेल काय.

म्हणून या नावांना हात लावू नका: ज्यात हॉटकी, फंक्शन की किंवा कंट्रोल इंटरफेस असं असेल ते. रिअलटेक, म्हणजे आवाजाचं. इंटेल किंवा एएमडीचं ग्राफिक्स. व्हिज्युअल सी प्लस प्लस रिडिस्ट्रिब्युटेबल, ही आठ-दहा ओळी दिसतात आणि सगळ्यांना कचरा वाटतात, पण तुमचं कोरल आणि फॉन्टवालं त्यांच्याच खांद्यावर उभं असू शकतं. वेबव्ह्यू टू रनटाइम, हेही दुसऱ्या ॲपना लागतं. आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअर काढू नका, पुढं काही परत आणायचं झालं तर रस्ता तोच.

शंका असेल तर काढूच नका, आधी झोपवा. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर, त्यात स्टार्टअप ॲप्स. तिथं 'डिसेबल' करा. आठ दिवस काम करा. काही अडलं नाही तर मग काढा.

तुमच्या दुकानातल्या मुलीच्या खात्यात ॲप परत का आलं? सोपं आहे. तुम्ही छापलेलं एक कार्ड फाडलंत, साचा तसाच आहे. विंडोजमध्ये कंपनीनं काही ॲप साच्यातच ठेवलेली असतात, त्याला प्रोव्हिजन्ड पॅकेज म्हणतात. नवीन खातं उघडलं की साच्यातून नवी प्रत निघते. साचाच बदलायचा तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून पॉवरशेल, म्हणजे विंडोजची कमांड टाइप करायची खिडकी, उघडून Remove-AppxProvisionedPackage ही कमांड लागते, तिच्यापुढं त्या ॲपचं लांबलचक पूर्ण नाव. तुम्ही आणखी खाती उघडणार नसाल तर या भानगडीत पडू नका. मुलीच्या खात्यात जाऊन तिथूनही एकदा काढा, बस.

हे सगळं सुरू करायच्या आधी 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' शोधा, काही बिघडलं तर विंडोज त्या टप्प्यावर मागं नेता येतं. बऱ्याच नव्या मशीनवर सिस्टिम प्रोटेक्शन बंदच असतं. ते चालू करून एक पॉइंट करून ठेवा.

राहिलं विंडोज कोरं टाकणं. 8 जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह, मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल, झालं. किल्ली मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असते, तीच आवृत्ती टाकली तर नेटला जोडल्यावर ॲक्टिव्हेशन आपोआप होतं. नुसतं 'रिसेट' केलं तर मात्र कंपनीचं सामान परत येऊ शकतं, कारण त्याची प्रत ड्राइव्हवरच्या रिकव्हरीत ठेवलेली असते. पण सीझनमध्ये हे करू नका. वायफायचा ड्रायव्हर आधी पेनड्राइव्हवर घेतला नाही तर नेट नाही. काही इंटेलच्या मशीनवर स्टोरेजचा ड्रायव्हर दिल्याशिवाय इन्स्टॉलरला एसएसडीच दिसत नाही. लॅपटॉपसोबत ऑफिस आलं असेल तर ते आधी आपल्या खात्याला जोडून घ्यावं लागतं. आणि ड्राइव्ह एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, केलेला असेल तर 48 आकडी रिकव्हरी की कुठं आहे ते आधी बघून ठेवावं लागतं. ही की हरवून रडत आलेले लोक मी पाहिलेत.

वॉरंटीचं म्हणाल तर असं ॲप काढल्यानं स्क्रीन, बॅटरीची वॉरंटी जात नाही. मागचं झाकण उघडायला कुणी निघालं तर तेव्हा वॉरंटीचा कागद वाचा.

आणि दीड हजाराचं म्हणाल, तर पैसे मागणारा तुमचा दुकानदार पहिला नाही. मार्च 2008 मध्ये सोनीनं व्हायोच्या काही मॉडेलवर 'फ्रेश स्टार्ट' नावाचा पर्याय काढला होता. फालतू सामान न भरलेला लॅपटॉप हवा असेल तर 50 डॉलर जास्त! लोकांनी इतकी ओरड केली की लगेच ते पैसे रद्द केले. लॅपटॉप कंपनीला हे ट्रायलवाले पैसे देतात, म्हणून ते आत येतं. भिंतीवरची जाहिरात आहे ती, फक्त भिंत तुमची.

श्टुटगार्टकर

पाना_पक्कड, झकास लिहिलंत. साच्याचा दाखला आता ऑफिसात वापरणार.

थोडी भर घालतो. काढलं तरी मूळ राहतं याचं सर्वात वाईट उदाहरण म्हणजे सुपरफिश. 2014 च्या अखेरीस लेनोवोच्या काही लॅपटॉपवर ते आधीपासून भरलेलं यायचं, ब्राउझरमध्ये जाहिराती घुसवायला. त्यासाठी त्यानं विंडोजमध्ये स्वतःचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे कुठली साइट खरी ते ठरवणारा शिक्का, बसवलं होतं, आणि त्याची गुप्त किल्ली सगळ्या लॅपटॉपवर एकच! म्हणजे ती एकदा कुणाच्या हाती लागली की बँकेच्या साइटचंही सोंग घेता येईल. फेब्रुवारी 2015 मध्ये हे उघड झालं. प्रोग्रॅम अनइन्स्टॉल केला तरी सर्टिफिकेट मागं राहत होतं, ते वेगळं काढावं लागलं. सप्टेंबर 2017 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड झाली, 32 राज्यांना मिळून 35 लाख डॉलर द्यावे लागले. त्याच 2015 मध्ये आणखी एक प्रकार उजेडात आला. विंडोज 8 पासून अशी सोय आहे की बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्ये, ठेवलेला एखादा प्रोग्रॅम विंडोज सुरू होताना आपोआप चालवला जातो. चोरी झाल्यावर लॅपटॉप शोधणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी वगैरे ती केलेली. पण त्या वाटेनं कंपनीचं सॉफ्टवेअर कोरं विंडोज टाकल्यावरही परत येत होतं. तेव्हा 'फॉरमॅट केलं की सगळं जातं' हेही शंभर टक्के खरं नाही.

इथे युरोपात मार्च 2024 पासून डिजिटल मार्केट्स ॲक्ट या युरोपियन कायद्यामुळे विंडोजमधून मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझरसुद्धा काढता येतो. पुण्याला आईच्या लॅपटॉपवर तेच बटण नाही. सुट्टीत गेलो तेव्हा दोन्ही लॅपटॉप शेजारी ठेवून तिला दाखवलं. ती म्हणाली, "मग काढून कशात बघणार?" प्रश्न रास्त होता.

कोरं विंडोज टाकायची वेळ आलीच तर एक युक्ती ऐकलेली आणि करून पाहिलेली: वेळ आणि चलनाच्या जागी 'इंग्लिश (वर्ल्ड)' निवडायचं. पुढं एक एरर येते, ती स्किप करायची. कुठल्या देशाची जाहिरात दाखवायची ते त्याला कळत नाही, म्हणून ती फुकटची ॲप येत नाहीत. नंतर सेटिंग्जमध्ये भारत करून टाकायचं, नाहीतर स्टोअर रुसतं.

पाना_पक्कड

आमच्याकडं ही युक्ती वर्षभर चालू आहे, पण दर अपडेटला ती चालेलच असं नाही. नोंद वहीत आहे.

टक्सभक्त

मिंटमध्ये बायोसवाला तो प्रकारही चालत नाही, एवढंच नम्रपणे नोंदवतो.

अक्षरजुळणी_बार्शी

मंडळी, उशीर झाला, चार पत्रिका आणि एक उद्घाटनाचा फ्लेक्स मधे आला.

पाना_पक्कडदादा, अँटिव्हायरस पुन्हा बसवताना हात थरथरत होता हो, हाकलायच्या पाहुण्याला आधी पाट मांडून जेवायला वाढल्यासारखं. पण केलं. जाताना त्यानं तीन वेळा विचारलं, 'नक्की जायचं का', मग 'का जायचं' याची यादी दिली, मग निम्म्या किमतीत राहतो म्हणाला. रिमूव्हल टूल चालवलं, दोनदा रिस्टार्ट केलं. हिरवी खूण आली. चार दिवसांत नेट एकदाही गेलं नाही.

पब्लिशरचा रकाना लावल्यावर डोळे उघडले. एकाच कंपनीची सहा नावं होती, मी त्यांना सहा वेगळे लोक समजत होते. सुरू होतानाच उठून बसणारी चौदा होती, आता पाच आहेत. काहीच उघडलेलं नसताना रॅम 5.1 जीबी खात होतं, आता 3.6. कोरलमध्ये चारशे नावांची जत्रेची पत्रिका उघडताना चहा सांगावा लागायचा, आता नाही लागत.

आणि हो, चूक केलीच. तुम्ही स्पष्ट लिहिलं होतं, तरी 'कंट्रोल इंटरफेस' नावाचं एक काढलं. मला वाटलं हाही मदतनीसच. रात्री काही कळलं नाही. सकाळी दुकानात उन्हाचा झोत थेट स्क्रीनवर येतो, ब्राइटनेसचं बटण दाबते तर काहीच नाही. लॅपटॉप उलटा करून खालच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर मोबाइलवर फोटो काढून मोठा करून वाचला, कंपनीच्या साइटवर टाकला, तिथं ड्रायव्हरच्या यादीत ते मिळालं. अर्धा तास गेला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक समोरच्या झेरॉक्सवाल्याकडं गेलं. आता मीही वही केली आहे, पहिल्या पानावर हेच लिहिलंय.

मुलीच्या खात्यातूनही ते ॲप काढलं. साच्याला हात लावला नाही. तिला विचारलं तर म्हणाली, "मॅडम, मी तर त्यात गाणी लागतात का बघत होते."

वैरागची मंडळी काल फायनल प्रूफला आली. काकांनी नावं पुन्हा मोजली, दोन वाढवली. कोपऱ्यात काही उगवलं नाही. आत्याबाई बराच वेळ तिकडंच बघत होत्या.

एकच गोष्ट ठेवली आहे. खाली डाव्या कोपऱ्यात हवामान दाखवतं ते. टास्कबारच्या सेटिंगमध्ये 'विजेट्स' बंद केलं की जातं, हे शोधून काढलं होतं. बंद केलंही. संध्याकाळी सासरे दुकानात आले, खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसले आणि म्हणाले, "आभाळाचं ते चित्र कुठं गेलं? तूर काढायला आलीय." परत चालू केलं.